चंद्रकोर आणि रोमन चंद्रदेवता : ब्रह्मपुरीच्या निमित्तानें

नाण्यावर वा शिळेवर चंद्रकोर दिसली आणि आसपास रोमन व्यापाराचा उल्लेख असला, कीं ती रोमकांच्या ‘लूना’ देवीची खूण ठरविण्याचा मोह संग्राहकांस होतो. वैनगंगेच्या खोऱ्यांतील ब्रह्मपुरीविषयीं हा मोह दुणावतो; कारण ‘ब्रह्मपुरी येथील रोमन वस्तू’ हे शब्द पुरातत्त्वाच्या ग्रंथांत वारंवार भेटतात. परंतु ती ब्रह्मपुरी पंचगंगेकांठची, कोल्हापुरची. तेथें इ. स. १९४५-४६ त सांकळिया व दीक्षित यांनीं उत्खनन केलें, आणि तेथील प्रसिद्ध रोमन मूर्ति आहे ती समुद्रदेव पोसायडनची. नामसाम्याची अशी गफलत सूचींत एकदां शिरली म्हणजे पुढील दहा सूचींत तीच उतरते.

आतां खुद्द लूनेविषयीं. आव्हेंटाइन टेकडीवरील तिचें मंदिर सर्व्हिअस टुलिअस राजानें स्थापिल्याचें व तें नीरोच्या काळीं, इ. स. ६४ च्या आगींत, जळाल्याचें टॅसिटस सांगतो. पॅलेटाइनवर ‘नोक्टिलूका’, म्हणजे रात्रीं उजळणारी, या नांवानें ती पूजिली जाई, असें व्हारोचें म्हणणें. रोमन प्रजासत्ताकाच्या कांहीं दिनारांवर ती दोन घोड्यांच्या रथांत दिसते. परंतु हिंदुस्थानांत विपुल सांपडतात ते दिनार ऑगस्टस व टायबेरिअस यांचे : पहिल्यावर ढालीभाल्यांसह उभे गायस व लूशिअस, दुसऱ्यावर बैठी स्त्री. लूना दोहोंवरही नाहीं. राजस्त्रीच्या अर्धप्रतिमेखालीं कोर घालण्याचा प्रघात कॅराकॅलाच्या दुहेरी नाण्यापासून, इ. स. २१५ च्या सुमारास, रूढ झाला. आणि तेथें ती कोर मुख्यत्वें किंमत दाखविते.

उलट, पर्वतावर कोर हें चिन्ह आपल्याकडील मौर्यकालीन आहत नाण्यांवर, रोमन व्यापार भरास येण्यापूर्वींच, आहे. पूर्वीच्या चांदा, हल्लींच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील सातवाहनांचीं पोटीन नाणीं राप्सननें इ. स. १९०८ च्या सूचींत वर्णिलीं. एका बाजूस हत्ती, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह. त्या चिन्हाजवळ कोर दिसल्यास रोमपर्यंत धांवण्याचें कारण काय? वाकाटकांच्या ताम्रपटांत दान ‘आचन्द्रादित्य’ चालावें असें म्हटलें आहे; शिलाहार-यादवकालीन गद्धेगाळांवर तेंच सूर्यचंद्र कोरून सांगितलें. तेथें चंद्र उपास्य नव्हे, साक्षी आहे.

शिवाय आपला चंद्र पुरुष. या बाबतींत कनिष्काचीं आरंभींचीं नाणीं पाहण्याजोगीं आहेत : नांव ग्रीक देवीचें, ‘सलेने’, पण आकृति पुरुषाची, खांद्यांमागें कोर असलेली. पुढें ‘माओ’ हें इराणी नांव आलें, आकृति तीच राहिली. परकीय नांव खरोखर आलें असतांही देवी आली नाहीं. मग नुसत्या कोरीवरून ती कशी येणार?

तुलनाच करावयाची तर ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलांतील राका व सिनीवाली यांच्याशीं करावी. पौर्णिमा-अमावास्येशीं जोडलेल्या या देवता संतति देणाऱ्या म्हणून आळविल्या आहेत. त्या नाण्यांवर मिळत नाहींत, म्हणून संग्राहक तिकडे वळत नाहींत, एवढेंच.

तूर्त ज्यांच्यापाशीं कोरीचें नाणें आहे त्यांनीं त्याचें वजन, धातु व दोन्ही बाजू लिहून ठेवाव्या, आणि ‘ब्रह्मपुरी’ लिहितांना नदीचें नांवही लिहावें. देवतेची जागा कोरी ठेवण्यास हरकत नाहीं.