थॉमस फ्राय : नाव नसलेले चेहरे

व्यक्तिचित्र समोर आलं की आपण आधी विचारतो, ‘हे कोण?’ चित्र बघणं त्यानंतर. अठराव्या शतकातला लंडनचा छापचित्रांचा बाजार याच सवयीवर चालत होता. राजा, सेनापती, नटी, पाद्री. खाली नाव छापलेलं असे आणि गिऱ्हाईक खरं तर ते नाव विकत घेई.

आयर्लंडमध्ये १७१०च्या सुमारास जन्मलेला थॉमस फ्राय या धंद्यात फार उशिरा आला. आधी लंडनमध्ये व्यक्तिचित्रं रंगवली. मग १७४४ साली एडवर्ड हेलिनबरोबर पोर्सेलीनचं पेटंट घेतलं आणि बो इथल्या कारखान्यात, भट्ट्यांच्या धगीत, पंधराएक वर्षं काढली. तब्येत ढासळली, १७५९ साली काम सुटलं. १७६२ साली माणूस गेला. आपल्याला ज्याच्याबद्दल बोलायचंय ते जवळजवळ सगळं काम मधल्या त्या दोनतीन वर्षांतलं आहे.

आता मेझोटिंट कसं करतात ते बघा. तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने सगळीकडून खरबरीत करायचा. तसाच छापला तर निव्वळ मखमली काळोख उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडायचं, घोटायचं. म्हणजे इथे कागदावर काळी रेघ ओढत नाहीत, अंधारातून चेहरा बाहेर काढतात. बहुतेक कारागीर हे दुसऱ्याच्या तैलचित्रांवरून करत. मॅकार्डेलसारखा पट्टीचा माणूससुद्धा रेनॉल्ड्सची चित्रं छापी. फ्रायने स्वतःच्या रेखाटनांवरून, जवळजवळ खऱ्या आकाराची डोकी खरवडली. आणि बहुतेकांना नाव दिलं नाही.

यावर आक्षेप असा, की मग ही व्यक्तिचित्रं कसली? हे तर नुसते पवित्रे. मला हे पटत नाही. हातात मेणबत्ती घेतलेला तो तरुण बघा. त्याचा हुद्दा, घराणं, पराक्रम, काही म्हणजे काही आपल्याला ठाऊक नाही. तरी तो ‘कुणीतरी तरुण’ राहत नाही, हाच एक होतो. व्यक्ती ओळखायला चरित्र लागतंच, हे आपलं गृहीतक तिथे डळमळतं. (वर्गात हे समजावायला मला तासच्या तास लागत!)

व्यवहारात मात्र याची किंमत पडली. १७६९ साली ग्रेंजरचा ग्रंथ आला. त्यात छापचित्रं चित्रातल्या माणसाच्या दर्जानुसार लावलेली. संग्राहकही तशाच वह्या भरू लागले. बिननावाच्या डोक्यांना त्यात कुठला कप्पा?

फ्रायची स्त्रियांची मालिका मला तितकी आवडत नाही. मोती, लेस अप्रतिम. पण नजर तिथेच अडकते, चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पुरुषांच्या डोक्यांचं तसं नाही. डर्बीच्या जोसेफ राइटने पुढे मेणबत्तीच्या उजेडातली चित्रं रंगवताना त्यांतले पवित्रे उचलले, आणि त्याचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे.