सीमाभागातील गल्ला आणि मराठीतला छोटा प्रेमपट

मर्यादित भांडवलावर, बड्या स्टुडिओच्या पाठबळाशिवाय काढलेला मराठी प्रेमपट बेळगाव-निपाणी पट्ट्यात किती चालला, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत सापडत नाही, आणि ते न सापडण्याचे कारण प्रेक्षकांच्या अनास्थेपेक्षा चित्रपट व्यवसायाच्या हिशेबपद्धतीत अधिक आहे. चित्रपटांचे वितरण ‘सर्किट’नुसार, म्हणजे प्रदर्शनाचे हक्क विकण्यासाठी पाडलेल्या प्रादेशिक विभागांनुसार चालते, आणि हे विभाग भाषावार प्रांतरचनेहून जुने आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. वितरकांच्या नकाशात मात्र हा प्रदेश मुंबई सर्किटमध्येच राहिला आणि म्हैसूर सर्किटची हद्द जुन्या संस्थानाच्या आसपास थांबली. ज्या भूभागासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनी मुळी सोडलेलाच नव्हता, असे म्हटले तर ते निव्वळ विनोदाने म्हटल्यासारखे होणार नाही. पण या आपलेपणाची किंमतही आहे. बेळगावचा गल्ला मुंबई सर्किटच्या बेरजेत मिसळून जातो, त्यामुळे सीमाभागाचा म्हणून वेगळा आकडा व्यापारी वृत्तांत उमटत नाही, आणि ज्याचा आकडा दिसत नाही त्या प्रेक्षकासाठी पुढच्या वेळी पडदा राखून ठेवण्याचे कारण कुणापाशी उरत नाही.

सर्किट जुने असले तरी कर आणि कायदे नव्या राज्याचे लागू होतात. तिकीटविक्रीतून जमलेली एकूण रक्कम म्हणजे ‘ग्रॉस’, त्यातून कर वजा जाता उरते ते ‘नेट’, आणि नेटमधून चित्रपटगृहाचा वाटा किंवा भाडे वजा करून वितरकाच्या हाती पडतो तो ‘शेअर’. निर्मात्याचे नशीब या शेवटच्या आकड्यावर ठरते. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता, तर कर्नाटकात ती माफी साहजिकच कन्नड चित्रपटाला होती आणि परभाषिक चित्रपटांवर तिकिटाच्या मूळ दराच्या ३० टक्के कर बसत असे. म्हणजे प्रेक्षकाने मोजलेल्या शंभर रुपयांपैकी कोल्हापुरात शंभरच्या शंभर नेटमध्ये जमा होत, आणि बेळगावात जेमतेम ७७. मोठ्या चित्रपटाला ही तूट गर्दीच्या बळावर भरून काढता येत असे. ज्याचे खेळच दिवसाला एक किंवा दोन, त्या छोट्या चित्रपटाला ती झेपण्याजोगी नव्हती. पुढे देशभर एकच कर झाल्यावर हा भेद बराच निवळला, पण महाराष्ट्र शासनाचा आधार राज्याच्या सीमेपाशीच संपतो ही वस्तुस्थिती बदलली नाही. मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत दाखवावा, हा २०१५ सालचा आग्रह सीमेवरच्या कागलच्या पुढे लागू होत नाही. कर्नाटक शासनाने आपल्या भाषेच्या चित्रपटाला झुकते माप द्यावे यात गैर काही नाही; अडचण एवढीच, की दोन शासनांच्या दोन आधारव्यवस्थांमध्ये सीमेवरचा मराठी चित्रपट कुणाच्याच यादीत बसत नाही.

या व्यवस्थेतला विरोधाभास सर्वांत ठळकपणे दिसतो तो ‘जोगवा’च्या उदाहरणात. राजीव पाटील दिग्दर्शित हा चित्रपट सप्टेंबर २००९ मध्ये प्रदर्शित झाला. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या व चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर त्याची पटकथा उभी आहे. डोक्यात जट आली म्हणून देवीला सोडलेली सुली आणि लघवीतून रक्त जाते म्हणून लुगडे नेसवून जोगता केलेला तायप्पा यांची ही प्रेमकथा आहे, आणि ज्या यल्लमाच्या नावाने हे घडते तिचा डोंगर सौंदत्तीला, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातच आहे. देवदासी प्रथेला बंदी घालणारा कायदा कर्नाटकाने १९८२ साली केला, महाराष्ट्राने २००५ साली. गडहिंग्लज, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या जोगतिणी मात्र डोक्यावर देवीचा जग घेऊन दोन्ही कायद्यांच्या हद्दींतून सारख्याच ये-जा करीत राहिल्या. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हा चित्रपट एका अपरिचित प्रथेचे दर्शन म्हणून भिडला असेल. चौंडक्याचा, म्हणजे जोगतिणींच्या वाद्याचा, आवाज दारात ऐकत वाढलेल्या सीमाभागातील प्रेक्षकासाठी त्यात अपरिचित असे होते ते फक्त प्रेम, म्हणजे देवीला सोडलेल्या दोन माणसांनी एकमेकांना निवडण्याची शक्यता. उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संगीत आणि पार्श्वगायन यांचेही पुरस्कार आले, आणि तरीही ज्या मातीतून कथा निघाली तिथल्या पडद्यांवर या चित्रपटाने काय कमावले याचा हिशेब चर्चेचा विषय झाला नाही. मराठी समीक्षेनेही तो मागितला नाही, हे नमूद करायला हवे. आशय ग्रामीण आणि प्रेक्षक शहरी ही विभागणी तिने फार सहज गृहीत धरली.

‘जोगवा’ आला त्याच वर्षी, हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील संप मिटताना वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० असा ठरला. उतरत्या टक्केवारीची ही रीत शुक्रवारी गर्दी खेचणाऱ्या चित्रपटाच्या सोयीची आहे. छोटा प्रेमपट तोंडी प्रसिद्धीवर, म्हणजे एकाने पाहून दुसऱ्याला सांगितल्यावर हळूहळू चढतो. तो चढू लागतो तेव्हा निर्मात्याचा वाटा उतरू लागलेला असतो, आणि बहुतेकदा त्याआधीच त्याचा खेळ सकाळी साडेनऊला ढकललेला असतो.

‘सैराट’ने २०१६ मध्ये ही चौकट मोडली असे मानले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. सुमारे चार कोटींत बनलेल्या आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणाऱ्या त्या पहिल्या मराठी चित्रपटामागे झी समूहाची वितरणयंत्रणा आणि महिनाभर आधीपासून घरोघर वाजणारी गाणी होती. त्याला स्वतंत्र चित्रपट म्हणणे म्हणजे शब्दाला ताणणे होय. सीमा त्याने सहज ओलांडली. दुसऱ्याच वर्षी ‘मनसु मल्लिगे’ या नावाने तो कन्नडात आला, नायिका रिंकू राजगुरूच होती, आणि मूळ चित्रपटासारखी लाट मात्र उठली नाही. दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने ऐकणाऱ्या बेळगावच्या प्रेक्षकाला अनुवादाची गरजच नव्हती. या शहरात कानडी आणि मराठी अभिरुचीची सरमिसळ जुनी आहे; पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधील रावसाहेब, म्हणजे कृष्णराव हरिहर, हे कानडी मातृभाषेचे, मराठी नाटक-संगीतावर जीव टाकणारे गृहस्थ चित्रपटगृहाच्याच व्यवसायातले होते.

खरी कसोटी ‘साबर बोंडं’सारख्या चित्रपटाची. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटात वडिलांच्या दहाव्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला बाळ्या यांचे प्रेम अत्यंत संथ, जवळजवळ निःशब्द रीतीने उलगडते. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळवून तो १९ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात निवडक ठिकाणी प्रदर्शित झाला, आणि वितरणाची जबाबदारी घेतली ती राणा दग्गुबाती यांच्या स्पिरिट मीडियाने, म्हणजे तेलुगू चित्रसृष्टीतल्या माणसाने. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तो त्यानंतर तीनच दिवसांनी. स्वस्त तिकिटाच्या एकपडदा चित्रपटगृहांना त्याचा दिलासा खरा, पण असे चित्रपट तिथे क्वचितच पोहोचतात. महोत्सवी कीर्ती महानगरांतील मल्टिप्लेक्सच्या एका खेळापुरती भांडवल म्हणून पुरते. तालुक्याच्या गावी तिची नाणी चालत नाहीत.

निपाणीचे गणित बेळगावाहूनही वेगळे आहे. कोल्हापूर येथून ४० किलोमीटरवर, तर जिल्ह्याचे ठिकाण असलेले बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. तंबाखूच्या व्यापाराने कोल्हापूरशी बांधलेल्या या गावातला प्रेक्षक आवडीचा मराठी चित्रपट पाहायला महामार्गाने उत्तरेकडे निघतो, आणि त्याचे तिकीट कोल्हापूरच्या गल्ल्यात जमा होते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद चिघळून दोन्ही राज्यांदरम्यानच्या एसटी फेऱ्या थांबल्या, त्याच महिन्याच्या ३० तारखेला ‘वेड’ हा प्रेमपट आला आणि त्याने सुमारे ७५ कोटींचा व्यवसाय केला; त्याच्यासारख्या मोठ्या चित्रपटाला निपाणीचा प्रेक्षक कमीजास्त झाल्याने फरक पडत नाही. छोट्या चित्रपटाला पडतो, कारण त्याचा उरलेला प्रेक्षक असाच विखुरलेला असतो. प्रत्येक चित्रपटगृहाचा रोजचा गल्ला सांगणारे पत्रक वितरकाकडे दर रात्री पोहोचतेच. त्यातून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी एवढी केंद्रे वेगळी काढून मांडणे हे एका कारकुनाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि डिजिटल प्रक्षेपणामुळे प्रिंटचा खर्च वाचल्यापासून त्या केंद्रांवर आठवड्याला दोन खेळ लावून पाहणे कोणत्याही निर्मात्याच्या आवाक्याबाहेरचे राहिलेले नाही.