ग्रामेतिहासाचा अंक आणि वाचकाचे कौतुक

गावची जत्रा, शाळेचा सुवर्णमहोत्सव, सहकारी संस्थेचा वर्धापनदिन अशा निमित्तांनी निघणाऱ्या स्मरणिका आणि स्थानिक इतिहासाला वाहिलेली छोटी नियतकालिके हा मराठी मुद्रित वाङ्मयाचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. समीक्षेने त्याकडे क्वचितच पाहिले. पाहिलेच, तर त्यातील लेखांकडे पाहिले. त्या लेखांना मिळालेल्या प्रतिसादाकडे नव्हे. वस्तुतः अशा अंकांच्या अखेरीस छापली जाणारी वाचकांची पत्रे हे त्यांचे सर्वांत बोलके अंग होय. अंक वाचून डोळे पाणावले, वडिलांचे छायाचित्र पाहून धन्यता वाटली, गावाचे नाव उजळले, या आशयाची ही पत्रे असतात. नागर अभिरुचीचा समीक्षक ती हसून बाजूला सारतो. संपादक ती मानपत्रासारखी मिरवतो. दोघांच्याही हातून एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो: हा वाचक नेमके कशाचे कौतुक करीत आहे, आणि त्या कौतुकातून गावाच्या इतिहासात काही भर पडते काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या कौतुकाचे मूळ समजून घेण्यासाठी लिखित इतिहासात गावाचे स्थान काय होते हे पाहणे अवश्य आहे. वाशीम येथे मिळालेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली अभ्यासकांपुढे आला. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून राजाने आपल्या सदतिसाव्या राज्यवर्षी आकासपद्द नावाचे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले, असे त्यात सांगितले आहे. दान देणारा राजा, त्याचे पूर्वज, दान घेणारे ब्राह्मण, त्यांची गोत्रे, हे सारे तेथे आहे. गावही आहे, परंतु ते दानाची वस्तू म्हणून आहे. तेथे राबणारा कुणबी, कुंभार वा गुराखी त्यात नावाने येत नाही. पुढील काळीही ही स्थिती फारशी पालटली नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली. त्यांच्या या अचाट परिश्रमाविषयी कृतज्ञता बाळगूनही हे मान्य केले पाहिजे, की दफ्तरे निघाली ती ज्यांच्या घरी दफ्तरे होती त्यांच्याच घरून. ज्याच्या घरी रुमाल नाही, त्याला पूर्वज असूनही इतिहास नाही, असा हा न्याय होता. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी गावांची नोंद केली, ती कारभाराला उपयोगी पडेल तेवढीच.

या पार्श्वभूमीवर आपल्या गावाचे, आपल्या आळीचे, आजोबांचे नाव छापील पानावर प्रथमच पाहणाऱ्या वाचकाचा आनंद भाबडा म्हणून टाकून देता येणार नाही. शतकानुशतके ज्याचा उल्लेख वसुलाच्या वा दानाच्या संदर्भात झाला, तो येथे प्रथमच कर्ता म्हणून उभा राहतो. या आनंदाला एक सामाजिक अर्थ आहे. तथापि आनंद हा इतिहास नव्हे. अशा पत्रांचे बारकाईने वाचन केल्यास त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील वाचक केवळ आभार मानतो. दुसऱ्या वर्गातील वाचक आभार मानता मानता काही भर घालतो: अमुक विहीर कोणी बांधली, अमुक साली कॉलऱ्याच्या साथीत गाव कोठे जाऊन राहिले, हे तो सांगतो. तिसऱ्या वर्गातील वाचक हरकत घेतो; लेखात सांगितले तसे घडले नाही, किंवा सांगितले त्याहून अधिक काही घडले, असे त्याचे म्हणणे असते. पहिला वर्ग संख्येने नेहमीच मोठा असतो, आणि संपादकाला तोच प्रिय असतो. संशोधनाच्या दृष्टीने मात्र मोल आहे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाला.

यावर असा आक्षेप येईल, की जेथे भक्तिभाव आहे तेथे काटेकोरपणाची अपेक्षाच व्यर्थ होय. या आक्षेपाचे उत्तर वऱ्हाडच्या भूमीशी निगडित अशा एका ग्रंथातच आहे. महानुभाव पंथातील 'स्थानपोथी' हा ग्रंथ परंपरेने मुनिव्यासांचा मानला जातो, आणि त्याचा काळ चौदावे शतक असा धरला जातो. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांची नोंद करणे हा त्याचा हेतू. हेतू निव्वळ भक्तीचा. परंतु परिणाम पाहावा. गाव कोणते, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, आसनाची जागा कोठे, याची इतकी बारीक नोंद तेथे सापडते, की मध्ययुगीन महाराष्ट्राच्या स्थलवर्णनाचे ते एक प्रमुख साधन ठरले आहे. याचे कारण उघड आहे. ज्या स्थानाला वंदन करावयाचे ते स्थान चुकले, तर वंदनच वाया जाईल. भक्तीने येथे अचूकतेला मारले नाही. उलट भक्तीनेच अचूकता मागितली. यावरून असे म्हणावयास प्रत्यवाय नाही, की ग्रामेतिहासाच्या अंकातील दोष कौतुकाचा नसून ढिल्या कौतुकाचा आहे. 'आमचे गाव थोर' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते कोणत्याही गावाविषयी लिहिता येते. 'वेशीची उत्तरेकडील भिंत अमुक साली पडली' हे वाक्य एकाच गावाविषयी लिहिता येते, आणि ते खरे की खोटे याची शहानिशाही करता येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गौरवाच्या भरात गावातील अन्यायावर पांघरूण पडते, आणि वाचकांच्या टाळ्यांनी ते पांघरूण घट्ट होते, असा तो आहे. येथे नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून चाललेल्या 'दीनमित्र' पत्राचे उदाहरण विचारात घ्यावे. गणपतराव पाटील यांनी १८८८ साली सुरू केलेले आणि पुढे बंद पडलेले हे पत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली साप्ताहिक म्हणून पुनरुज्जीवित केले, आणि १९६७ साली आपल्या निधनापर्यंत चालविले. खेड्यात राहून, खेडुतांसाठी, सत्यशोधक विचाराचे पत्र अर्धशतकाहून अधिक काळ चालविणे ही मराठी वृत्तपत्रसृष्टीतील असाधारण घटना होय. 'दीनमित्र'ही गावाच्या प्रेमातूनच निघाले. परंतु ते प्रेम गाऱ्हाण्याला भिणारे नव्हते. मुकुंदरावांनी १९१३ मध्ये 'कुलकर्णी लीलामृत' हे उपहासकाव्य रचले, त्याचा रोख गावची लेखणी ज्याच्या हाती त्याने त्या लेखणीच्या बळावर चालविलेल्या फसवणुकीवर होता. गावात लिहिणे ही केवळ कला नसून सत्ता आहे, हे ज्याने ओळखले, त्याचा ग्रामगौरव आंधळा राहू शकत नाही. आजच्या ग्रामेतिहासाच्या संपादकाने 'दीनमित्र'पासून घ्यावयाचा धडा हाच, की वाचकाला आभार मानण्याची जेवढी जागा द्यावयाची, तेवढीच तक्रार करण्याचीही दिली पाहिजे.

आता ही कसोटी एका प्रत्यक्ष गावाला लावून पाहू. वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे गाव या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कारण त्याच्या नावातच बाजार आहे. अशा गावाचा गौरव-अंक निघाला, तर त्यात ग्रामदैवत येईल, जुनी घराणी येतील, शाळा आणि तिचे मुख्याध्यापक येतील. आणि पत्रे येतील ती याच घरांतून. परंतु बाजाराचे गाव तेथे राहणाऱ्यांनीच घडविलेले नसते. आठवड्यातून एकदा येऊन संध्याकाळी परतणारे शेतकरी, पाल ठोकून बसणारे व्यापारी, गुरांचे दलाल, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन येणाऱ्या स्त्रिया, तांड्यावरून उतरणारे बंजारा, या सर्वांचा त्या गावाच्या घडणीत वाटा असतो. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. आणि रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या या लोकांना वगळून वऱ्हाडातील बाजाराचा इतिहास लिहिणे अशक्यप्राय आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाड्या'त फिरस्त्यांची दखल घेतली खरी. परंतु ती गावावरचा भार म्हणून. बाजाराच्या गावात ही दृष्टी उलटी करावी लागते. येथे फिरस्ता हा भार नव्हे, आधार आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीचेही असेच आहे. म्हणून अशा अंकाला आलेल्या पत्रांत कोणाची पत्रे आहेत याइतकेच कोणाची नाहीत हेही मोजले पाहिजे.

शेलूबाजारच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हे गाव आपल्या जागेवरून न हलता तीन जिल्ह्यांच्या दफ्तरांत राहिले आहे. मंगरूळ तालुका १९०५ पर्यंत जुन्या वाशीम जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडल्यावर तालुका अकोल्यास जोडला गेला. आणि १ जुलै १९९८ रोजी नवा वाशीम जिल्हा निर्माण झाल्यावर तो पुन्हा वाशीमकडे आला. कागदपत्रे अशी वाटली गेली असता गावाचे अखंडत्व टिकून राहते ते लोकांच्या स्मरणातच. म्हणून वाचकाच्या पत्रातील एखादी ओळ संशोधकाला योग्य दफ्तरापर्यंत नेऊन पोचवू शकते. आणि या स्मरणाला आता घाई आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. शेलूबाजार त्या मार्गावरील एक चढ-उताराचे ठिकाण आहे. जुन्या रस्त्यावर थांबणे हा व्यवहाराचा भाग होता. नव्या मार्गाचे सारे प्रयोजनच न थांबण्यात आहे. रस्त्याच्या या बदलाने बाजाराचे रूप पालटू लागते, तेव्हा जुना बाजार पाहिलेल्या माणसाचे पत्र हे भावनेचे प्रदर्शन राहत नाही, साक्ष होते.

या विवेचनातून पदव्युत्तर अभ्यासकासाठी काही कर्तव्ये निष्पन्न होतात. ग्रामेतिहासाचा अंक अभ्यासाला घेताना त्याला आलेली छापील आणि अप्रकाशित पत्रे एकत्र मिळवावी. पत्रलेखकाचे गावाशी नाते काय, तो तेथेच राहतो की पुण्या-मुंबईस गेला आहे, हे पाहावे. कारण दुरावलेल्याचे कौतुक आणि राहणाऱ्याचे कौतुक यांचा स्वर एक नसतो. दूर गेलेल्याला गाव जसे होते तसेच राहावे असे वाटते. राहणाऱ्याला ते बदलावे असे वाटत असते. पत्रातील प्रत्येक तपशील सातबारा, शाळेचे दाखलखारीज, ग्रामपंचायतीचे ठराव यांच्याशी ताडून पाहावा. आणि संपादकाला एवढेच सुचवावे, की प्रत्येक कौतुकपत्राला उत्तर पाठविताना आभारासोबत तीन प्रश्न लिहावे: कोणी, केव्हा, कोठे?

या तीन प्रश्नांना वाचक कंटाळेल ही भीती निराधार आहे. ज्याला आपल्या गावाविषयी खरा जिव्हाळा आहे, त्याला त्या गावाविषयी कोणीतरी नेमके विचारले, यापरता दुसरा सन्मान नाही. आजवर गावाला विचारले गेले ते किती देणार म्हणून. काय आठवते, असे विचारणारा अंक निघतो आणि उत्तर देणारा वाचक त्याला लाभतो, तेव्हा कौतुक आणि संशोधन यांतील अंतर पुष्कळ कमी होते. ते अंतर कमी करणे हे जितके त्या छोट्या अंकाचे, तितकेच विद्यापीठीय अभ्यासाचेही काम आहे.