मालक बदलून पाहिजे

मालकाविषयी दोन माणसं नेहमी एका सुरात बोलतात. एक जुन्या चाळीतला भाडेकरू आणि दुसरा फुटबॉल क्लबचा पाठीराखा. भाडेकरूच्या तीन पिढ्या त्याच दोन खोल्यांत वाढलेल्या असतात. कुठल्या भिंतीत ठोकलेला खिळा टिकतो आणि कुठल्या भिंतीतला शेजारच्या बिऱ्हाडात निघतो, हे त्याला अंधारातही सांगता येतं. मालक महिन्यातून एकदा भाड्यासाठी येतो आणि एके दिवशी बिल्डरला बरोबर घेऊन येतो. पाठीराख्याचं दुःख हेच. ज्या रंगासाठी आजोबांनी घसा फोडला त्याच रंगासाठी नातू फोडत असतो आणि एके सकाळी पेपरात वाचतो, की क्लब विकला. खोलीत राहणाऱ्याला विचारायची पद्धत दोन्हीकडे नाही.

मग घोषणा सुरू होते : 'मालक हटाव!'

आता मला फुटबॉलमधलं कितपत कळतं असं विचाराल, तर ऑफसाइड म्हणजे काय हे आजवर अनेकांनी मला मिठाची बरणी आणि चमचे मांडून समजावलेलं आहे. पण घोषणांचा मी जुना रसिक आहे. पनवेलला राहायचं तर ते व्हावंच लागतं. शेतकऱ्यांचे आणि प्रकल्पग्रस्तांचे मोर्चे बघत हे गाव मोठं झालं. विमानतळावरून पहिलं प्रवासी विमान उडालं डिसेंबर 2025 मध्ये. पण त्याला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून माणसं हजारोंनी रस्त्यावर उतरली ती जून 2021 मध्ये. तेव्हा गवयाच्या घरातल्या पोराला सूर कळावा, तशी आम्हाला घोषणा कळते. कुठली पोटातून आली आणि कुठली फलकाबरोबर छापून आली, ते कानच सांगतो. एवढ्याच अधिकारावर मी 'मालक हटाव' ह्या लोकप्रिय कृतीचं परीक्षण करणार आहे.

ह्या घोषणेची थोर गादी मँचेस्टरला. आमच्या इमारतीतल्या एका मुलाचा जन्म पनवेलचा, नोकरी महाप्याची आणि हृदय मँचेस्टरचं. पनवेलच्या मे महिन्यात तो गळ्यात हिरवा-सोनेरी मफलर घालून फिरतो. मँचेस्टर युनायटेडचा रंग तर लाल. मग हा हिरवा कसला? तर क्लबचं मूळ नाव न्यूटन हीथ होतं, तेव्हाचे हे रंग. आणि 2010 मध्ये तिथल्या पाठीराख्यांनी ते निषेध म्हणून बाहेर काढले. निषेध ग्लेझर कुटुंबाचा. ह्या अमेरिकन मंडळींनी 2005 मध्ये कर्ज काढून क्लब घेतला आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. म्हणजे लग्नासाठी काढलेलं कर्ज सासऱ्याच्या नावावर! सासरा चिडणारच.

वेशभूषेला मी पैकीच्या पैकी गुण देतो. आजचा राग पणजोबांच्या कपड्यांत उभा करायचा ही कल्पना मोठी आहे. परिणामही झाला. 2 मे 2021 रोजी पाठीराखे मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. अखेर 2024 मध्ये सर जिम रॅटक्लिफ नावाचे उद्योगपती चतुर्थांशाहून थोडा जास्त हिस्सा घेऊन आत आले. इंग्लंडचे, मँचेस्टरच्या बाजूचे, लहानपणापासून ह्याच क्लबचे भक्त. आमच्या मुलानं इमारतीत पेढे वाटले. त्याच वर्षाच्या अखेरीस, हंगाम अर्ध्यावर असताना, उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड झाला. त्यांत मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. भक्त मालक झाला की आधी दक्षिणापेटीचं तोंड मोठं करतो, हे आपल्याकडे कुठलाही पुजारी सांगेल. ग्लेझर तर अजून आहेतच.

म्हणजे घोषणेतला पहिला दोष असा, की तिच्यात क्रियापद आहे, पण पुढचं वाक्य नाही. हटाव, बरं, मग बसणार कोण?

आपल्याकडे ही घोषणा फारशी ऐकू येत नाही, कारण आपले क्लब घोषणा तयार व्हायच्या आतच जातात. 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. मुंबई एफसी 2017 मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि मिटला. एफसी पुणे सिटीची कथा तर बदलीच्या सरकारी नोकरासारखी आहे. 2019 मध्ये पुण्याची जागा हैदराबादनं घेतली आणि 2025 मध्ये हैदराबादचं बिऱ्हाड दिल्लीला गेलं. दिल्लीत तोवर जागा रिकामीच होती, कारण दिल्लीचा संघ 2019 मध्येच भुवनेश्वरला गेला होता. पुण्याच्या पाठीराख्यानं प्रेम चालू ठेवायचं म्हटलं असतं, तर त्याला रेल्वेचा पासच काढावा लागला असता.

आम्हा पनवेलकरांचंही एकदा जमत आलं होतं. मुंबई सिटी एफसीचे 2014 आणि 2015 ह्या पहिल्या दोन हंगामांतले घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. पनवेलहून नेरूळ सहावं स्टेशन. 2016 मध्ये संघ अंधेरीला गेला. पनवेलहून अंधेरीला जाऊन परत येणं हा खेळ नाही, ती यात्रा आहे. पुढे नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं ह्या क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला आणि डिसेंबर 2025 मध्ये, इंडियन सुपर लीगचंच भवितव्य टांगणीला लागलेलं पाहून, तो सोडून दिला. त्या सहा वर्षांत संघानं दोनदा लीगची ढाल आणि दोनदा करंडक जिंकला, हे न्यायासाठी सांगायलाच हवं. परका मालक वाईटच असतो असं नाही. पण तो आला तेव्हा पाठीराख्यांना कुणी विचारलं नाही आणि गेला तेव्हाही नाही. भाडेकरूला नव्या मालकाची बातमी दूधवाल्याकडूनच कळायची.

घोषणेचं शास्त्र खऱ्या अर्थानं समजलं ते कोलकात्याला. तिथं 1889 सालच्या मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीचा 80 टक्के हिस्सा 2020 मध्ये गोयंकांच्या उद्योगसमूहानं घेतला आणि त्यांच्या आधीच्या संघाची 'एटीके' ही तीन अक्षरं पुढे जोडून 'एटीके मोहन बागान' असं नाव ठेवलं. सव्वाशे वर्षांच्या आजीबाईंना माहेरचं नाव पुसून नवं आडनाव! पाठीराखे उठले. पण त्यांच्या मुख्य मागणीकडे नीट पाहा. ते 'मालक काढा' म्हणत बसले नाहीत; ते म्हणाले, 'एटीके काढा.' तीनच अक्षरं. मागणी मोजता येईल एवढी होती. 18 मार्च 2023 रोजी गोव्यात संघ लीगचा अंतिम सामना जिंकला आणि मालकांनी तिथंच तीन अक्षरं गेल्याचं जाहीर केलं. मालक राहिले, पैसे राहिले, आजीबाईंचं नाव परत आलं. मागून मात्र 'सुपर जायंट' असं शेपूट लागलं. पण शेपूट मागे असतं, ते एकवेळ चालतं.

आणि शेजारच्याच ईस्ट बंगालमध्ये 21 जुलै 2021 रोजी काय झालं? तिथं पाठीराख्यांचा मोठा गट क्लबच्या दारात जमला आणि त्याची मागणी नेमकी उलटी : गुंतवणूकदाराच्या करारावर जुन्या पदाधिकाऱ्यांनी सह्या का करत नाहीत? लाठीमार झाला. एकाच मैदानाच्या दोन बाजूंना एकजण मालकाच्या नावानं रडतो आणि दुसरा मालकासाठी रडतो. तात्पर्य, मालक बाहेरचा की घरचा हा मुद्दा नाहीच. दोघांचं रडणं एका गोष्टीचं होतं : कागद आपल्या पाठीमागे लिहिला जातो.

'मग क्लब आमच्याच मालकीचा करा,' असं आमचा मफलरवाला म्हणतो. तशीही उदाहरणं आहेत. आपलं कोल्हापूर घ्या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही फुटबॉल संघांची नावं आहेत आणि ती तालमींची आहेत. तिथं संघ पेठेचा असतो. शाहू स्टेडियमवर हजारोंनी माणसं जमतात आणि 'मालक हटाव' म्हणायची सोय नसते, कारण हटवायचं तर सगळ्या गल्लीला हटवावं लागेल. म्हणून ते एकमेकांनाच हटवायला जातात आणि मारामारीपायी स्पर्धा थांबवायची पाळी येते, हेही खरं. पण कोल्हापूरची तालीम रातोरात हैदराबादला गेल्याचं ऐकिवात नाही. जर्मनीत तर 1998 पासून नियमच आहे, की क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती पाहिजेत, अपवाद थोडे.

मात्र ह्या वाटेवर एक खड्डा आहे आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या प्रत्येक वाचकाला तो पाठ आहे. त्याचं नाव वार्षिक सर्वसाधारण सभा. लिफ्ट बंद पडली की मालकीहक्कानं ओरडणारे साठ सभासद त्या सभेला नऊ येतात. मग गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच नऊ जणांत चहासह पार पडते. इंग्लंडमध्ये 2008 साली हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. माणशी 35 पौंड भरून हजारो लोकांनी मिळून एब्सफ्लीट युनायटेड नावाचा छोटा क्लब घेतला. त्याच वर्षी संघानं वेम्ब्लीला करंडकही जिंकला. पुढे वर्गणी भरणारे ओसरत गेले आणि 2013 मध्ये उरलेल्यांनी मतदान करून क्लब सोडून दिला. मताचा हक्क मागताना घसा लागतो. बजावताना बैठक लागते. उलट ग्लेझरांवर रागावून 2005 मध्येच ज्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांचा क्लब काढला, त्यांनी दहा वर्षं खपून 2015 मध्ये स्वतःचं मैदान उभं केलं. हे लोक सभेला जात असणार.

तेव्हा परीक्षणाचा निकाल. 'मालक हटाव' ही घोषणा चालीला उत्तम, उच्चाराला सोपी, आशयाला अर्धी. ती भाडेकरूची घोषणा आहे. ती घर मागत नाही, फक्त बऱ्या स्वभावाचा घरमालक मागते. पाठीराख्यानं मागायचं ते त्याहून लहान आणि त्याहून पक्कं. ब्रिटनच्या संसदेनं 2025 मध्ये कायदा करून त्यातलं काही मान्यही केलं आहे : बोधचिन्ह आणि घरचे रंग बदलायचे तर पाठीराख्यांचं बहुमत हवं, मैदान विकायचं तर नियामकाची परवानगी हवी. मालक कुणीही असो. आपल्याकडे पुण्याच्या पोरांच्या हाती असा एक कागद असता, तर निदान गाडी सुटण्याआधी त्यांना कुणीतरी फलाटावर बोलावलं असतं.

म्हणून मी आमच्या मफलरवाल्याला पर्यायी घोषणा सुचवली आहे : 'नाव, रंग, मैदान ; आम्हाला विचारा! आणि ताळेबंद दाखवा!' त्याचं म्हणणं, यमक जुळत नाही. यमक त्यानं जुळवावं, तो तरुण आहे. ताळेबंद वाचायला मात्र कुणीतरी बसायला हवं, एवढंच माझं म्हणणं.