भिंतीवर जागा न मिळालेली माणसे

नगरच्या निजामशाहीत सोळाव्या शतकात घडलेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत तिची गणना होते. तिच्यात हुसेन निजामशहा आहे, त्याचा दरबार आहे, स्त्रीच्या स्पर्शाने फुललेले झाड आहे. शहाशेजारी राणी खुंझा हुमायूंही होती, पण नंतर कुणीतरी तिच्या आकृत्या पुसून टाकल्या. नगरच्या चित्रपरंपरेचा विषय निघाला की आपण अभिमानाने या पोथीचे नाव घेतो, आणि घ्यावेच. मात्र या दरबाराबाहेरचा माणूस, बाजारातला हमाल, विहिरीवरची बाई, चित्रात कधी आला असे विचारले की उत्तर सापडत नाही. एकूण मराठी प्रसंगचित्राचेच हे दुखणे आहे.

प्रसंगचित्रात देव नसतो, राजा नसतो, लढाई नसते. असते ते रोजचे जगणे. एकोणिसाव्या शतकात युरोपात अशा चित्रांना जोरदार मागणी होती. इटलीचा एउजेनियो झांपिगी (१८५९–१९४४) आयुष्यभर हसऱ्या शेतकरी कुटुंबांची चित्रे रंगवत राहिला. आजोबा नातवाला खेळवताहेत, चूल पेटली आहे, सगळे खुशीत आहेत. ही चित्रे इटली पाहायला आलेले परदेशी लोक विकत घेत. त्याच देशात तेलेमाको सिन्योरिनीने १८६४ साली काठावरून दोर लावून होडी ओढणारे मजूर रंगवले. दोराच्या ताणाने ती पाच शरीरे पुढे झुकलेली आहेत, आणि मागे एक सुखवस्तू गृहस्थ लहान मूल सोबत घेऊन उभा आहे. एकाने गरिबीचे कौतुक केले, दुसऱ्याने तिचे वजन दाखवले. प्रसंगचित्राला या दोन्ही वाटा कायम मोकळ्या असतात.

आपल्याकडे हा प्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून आला. जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या नकला करणाऱ्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) अग्रभागी होते. पोपटाला खाऊ घालणारी त्यांची पारशी स्त्री आजही पाहणाऱ्याला थांबवते. पण या कलेचा खरा मराठी धनी म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७चा, कोल्हापूरचा. १८९०च्या सुरुवातीला ते जे. जे.मध्ये दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत तिथे राहिले. म्हणून त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’. ‘आलीस का लक्ष्मी?’ या चित्राला १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

धुरंधरांचा हात पाहायचा तर त्यांनी काढलेल्या नऊवारीतल्या बायका पाहाव्यात. कासोटा कसून खोचलेली बाई पाऊल कसे टाकते, कमरेवर घागर आली की दुसरा खांदा किती उतरतो, पदर कुठे ओढला जातो आणि कुठे नुसता पडतो, हे त्यांना पाठ होते. साडीखालचे शरीर त्यांच्या रेषेला ठाऊक असते. पोस्टकार्डांवर त्यांनी मुंबईतली माणसे काढली. ऑटो रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकासाठी जातिजमातींच्या स्त्रिया रंगवल्या. एवढी तीक्ष्ण नजर त्या काळात दुसऱ्या कुणा मराठी चित्रकाराजवळ मला दिसत नाही.

आणि तरीही काहीतरी राहून जाते. रॉथफील्डच्या पुस्तकातली बाई अमुक जातीची म्हणून समोर येते. पोशाख अचूक, दागिने अचूक, पण आज सकाळी घरात काय बिनसले हे तिच्या चेहऱ्यावर उमटत नाही. याचा सगळा दोष धुरंधरांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या इंग्रज लेखकांना नमुने हवे होते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींना शिवचरित्रातले प्रसंग हवे होते, आणि धुरंधरांनी तेही भव्यतेने रंगवले. मराठी घराने भिंतीवर देवांच्या तसबिरी लावल्या, शिवाजी महाराज लावले, वडिलांचा फोटो लावला. शेजारच्या भाजीवालीला तिथे जागा नव्हती. गिऱ्हाईकच नसेल तर चित्रकाराने कुणासाठी रंगवायचे?

धुरंधरांहून एकाच वर्षाने धाकट्या लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र रोजची माणसे रंगवण्याचे काम लेखणीने केले, आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नगर जिल्ह्यातच गेला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांचे सोवळ्याचे वेड आहे, नवऱ्याचा लहरीपणा आहे, रिकामे डबे आहेत, भांडणे आहेत. तिथे माणूस जातीचा नमुना म्हणून येत नाही, नाव-गाव-स्वभाव घेऊन येतो. मराठी गद्याला जे साधले ते मराठी रंगांना त्या काळात साधले नाही, असे मी हे पुस्तक हाताशी ठेवून म्हणतो.

पुढची कहाणी थोडक्यात सांगता येते. सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री लोकांनी इतकी डोक्यावर घेतली की अनेकांना ती रविवर्म्यांचीच वाटते. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची मंडळी आली आणि प्रसंगचित्र जुनाट ठरले. ते परत आणले सुधीर पटवर्धनांनी. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता त्यांनी ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) आणि ‘लोअर परळ’ (२००१) रंगवले. त्यांच्या माणसांना थकवा आहे, पोट आहे, वेळेची घाई आहे. पण ही सगळी माणसे शहरातली. नगरच्या दुष्काळी पठाराला त्याचा पटवर्धन अजून मिळायचा आहे.

गावोगावी प्रसंगचित्र जिवंत आहे ते फक्त एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राच्या पेपरात. नगर जिल्ह्यातली हजारो मुले त्यात बाजार, बसथांबा, पाणवठा काढत मोठी झाली. वाईट एवढेच की पाथर्डीच्या मुलाचा बाजार आणि पुण्याच्या मुलाचा बाजार हुबेहूब सारखा निघतो. तीच छत्री, तीच टोपली, तीच पाठमोरी बाई. क्लासमध्ये घोटून घेतलेली आकृती परीक्षेत उतरवली जाते. मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार पाहत वाढलेल्या मुलाच्या कागदावर गाढव येत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

विषयांची इथे वाण नाही. घोडेगावच्या बाजारात म्हशीच्या कासेला हात लावून दूध जोखणारा माणूस घ्या. किंवा ऊसतोडीच्या फडात जा. ट्रकला फळी टेकवलेली असते. डोक्यावर मोळी घेतलेली बाई त्या फळीवरून वर चढते. मान ताठ, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात वर मोळीला. फळी मध्यावर लवते, तिथे तिचे पाऊल क्षणभर अडते आणि मग पुढे पडते. सिन्योरिनीच्या मजुरांइतकेच वजन त्या मानेवर आहे. धुरंधरांजवळ ही मान काढण्याचे कसब होते, पटवर्धनांजवळ तिच्याकडे पाहण्याची दृष्टी आहे. आज कलामहाविद्यालयात शिकणाऱ्या कुणी तिच्यासमोर कागद घेऊन उभे राहावे, आणि ते चित्र साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी विकत घेऊन संचालकांच्या बैठकीच्या खोलीत लावावे.