रोगवर्णनातील ‘लाल’ : एक आक्षेप

त्वचारोगांच्या पाठ्यपुस्तकांत ‘लालसर चट्टा’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, त्यात रोगाइतकेच लेखकाने पाहिलेल्या कातडीचेही वर्णन असते, याचा विसर पडतो. गोऱ्या त्वचेवर दाह तांबडा दिसतो; सावळ्या त्वचेवर तोच करडा, जांभळट किंवा भोवतालच्या कातडीहून नुसता अधिक काळा दिसतो. गजकर्णाची ‘लाल कड’ चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातील गावांत शोधू जाणाऱ्यास ती पुष्कळदा सापडावयाची नाही.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हा केवळ शब्दांचा वाद राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ‘फिकट किंवा लालसर’ असे दोन्ही शब्द आहेत, हे खरे. परंतु सावळ्या अंगावर पहिल्याचाच उपयोग अधिक, आणि तोही सावधपणे करावयास हवा. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असून त्यावर स्पर्श कळतो. शिब्यांवर बारीक कोंडा असतो. कुष्ठाचा चट्टा उतरल्या रंगाचा असतो आणि कापसाची वात फिरविली तरी तेथे बहुधा जाणीव नसते. चेहऱ्यावरचा चट्टा मात्र पुष्कळदा बधिर नसतो. आणि रोगाच्या एका प्रकारात स्पष्ट चट्टे उठतच नाहीत, कातडी तुकतुकीत होते, कानांच्या पाळ्या जाडावतात. तेथे कोपरामागचा मज्जातंतू चाचपूनच पाहावा लागतो.

मराठीनेही येथे फारशी मदत केलेली नाही. ‘महारोग’ म्हणताच झडलेली बोटे डोळ्यांपुढे येतात. म्हणजे नाव मिळाले ते रोगाच्या शेवटाला, आरंभाला नव्हे. बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापिलेल्या महारोगी सेवा समितीच्या नावातही तोच शब्द आहे. वरोऱ्याजवळच्या आनंदवनाने त्याला वेगळी प्रतिष्ठा दिली, ही गोष्ट निराळी. न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या फिकट चट्ट्याला ‘महा’ कोण म्हणेल? तो अंगावर घेऊन माणूस शेतात राबत राहतो आणि पंजा वाकडा होऊ लागला म्हणजे दवाखाना गाठतो. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात; फार दिवस गेलेली संवेदना सहसा परत येत नाही.

२०२० साली लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातून काळ्यासावळ्या त्वचेवरील लक्षणांची ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका निघाली. तिचे स्वागत उचितच होय. तथापि छायाचित्राला बधिरपणा दाखविता येत नाही. घरोघर शोध घेणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या हाती ‘लालसर’ हा शब्द देण्यापेक्षा ‘शेजारच्या कातडीहून निराळा, दिवसाच्या उजेडात पाहावा, स्पर्श कळतो का ते विचारावे’ एवढी तीन वाक्ये दिली, तर ती अधिक उपयोगी पडतील.