अद्भुत कादंबरी : वाचकाचा कौल आणि भाषेची कसोटी

अद्भुत कादंबरीच्या निष्ठावंत वाचकाचे मत समीक्षेने कितपत ग्राह्य मानावे, या प्रश्नाचा विचार व्हावा तितका झालेला नाही. जे. आर. आर. टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. १९५६ मध्ये एडमंड विल्सन यांच्यासारख्या मान्यवर समीक्षकाने ‘द नेशन’मध्ये लिहिताना ती पोरकट ठरविली. पुढे १९९७ मध्ये इंग्लंडातील वॉटरस्टोन्स या ग्रंथविक्रेत्यांनी वाचकांचा कौल घेतला, तेव्हा विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ ग्रंथ म्हणून वाचकांनी हीच कादंबरी निवडली. आणि त्या निवडीबद्दल अनेक समीक्षकांनी खेद व्यक्त केला. चाळीस वर्षांत दोन्ही पक्ष आपापल्या जागी तसेच राहिले. वाचकांची बहुसंख्या हे वाङ्मयीन श्रेष्ठतेचे प्रमाण नव्हे, हे खरेच. तथापि वाचक जे म्हणतो त्याचा अर्थ काय, हे न तपासताच त्याचे मत बाजूला सारणे ही समीक्षा नव्हे.

अशा वाचकाचा अभिप्राय बहुधा एकाच वाक्यात सामावलेला असतो : ‘ते जग खरे वाटले’, किंवा ‘खरे वाटले नाही’. वरवर पाहता हे विधान विसंगत भासते. ज्या कथेत ड्रॅगन बोलतात आणि जादूगार वारा अडवितात, तिच्या संदर्भात खरेपणाची भाषा कशी संभवते? परंतु वाचकाला येथे संभाव्यता अभिप्रेत नसते. टोल्कीन यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले. लेखक एक दुय्यम सृष्टी निर्माण करतो. तिच्या नियमांशी सुसंगत असे जे तिच्यात घडते ते, वाचक त्या सृष्टीत असेपर्यंत, सत्यच असते. अविश्वासाने डोके वर काढले की कला फसली, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे मान्य केल्यास वाचकाच्या विधानातील विसंगती नाहीशी होते. पण त्यातून दुसरा प्रश्न उद्भवतो. त्या सृष्टीचे नियम वाचकाला कोणी शिकविलेले नसतात. मग ते पाळले गेले की मोडले, हे त्याला जाणवते कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर कथानकापेक्षा भाषेत, आणि भाषेतही प्रथम विशेषनामांत, शोधावे लागते. टोल्कीन हे ऑक्सफर्ड येथे भाषेचे प्राध्यापक होते. त्यांनी क्वेन्या आणि सिंदारिन या दोन भाषा रचल्या. पहिलीवर फिनिश भाषेच्या ध्वनिरचनेचा, तर दुसरीवर वेल्श भाषेचा ठसा आहे. कथेतील अनेक नद्या, डोंगर व नगरे यांची नावे या भाषांतून आलेली आहेत. ‘अमोन हेन’ हा एक डोंगर. ‘एमिन मुइल’ ही डोंगरांची रांग. ‘अमोन’चे अनेकवचन स्वरबदलाने ‘एमिन’ होते, हा सिंदारिनचा नियम सामान्य वाचकास ठाऊक नसतो. तरीही ही नावे एका कुळातील आहेत, हे त्याच्या कानाला कळते. बोरिवली, डोंबिवली, कणकवली या नावांतील ‘वली’ची व्युत्पत्ती न जाणणाऱ्यालाही ती नावे परस्परांची सोयरी वाटतात, तसाच हा प्रकार होय. ‘ते जग खरे वाटले’ या वाक्यामागे अनेकदा अशी न उच्चारलेली व्याकरणाची जाणीव असते.

टोल्कीन यांची योजना याहूनही सूक्ष्म आहे. ग्रंथाच्या परिशिष्टात ते स्वतःकडे अनुवादकाची भूमिका घेतात. कथेतील सर्वसामान्य व्यवहाराची बोली त्यांनी आधुनिक इंग्रजीत ‘अनुवादिली’ आहे. आणि रोहन प्रदेशाची भाषा त्या बोलीशी दूरचे, प्राचीन नाते सांगणारी असल्यामुळे तेथील नावे जुन्या इंग्रजीत दिली आहेत. दोन कल्पित भाषांचे नाते दोन वास्तव भाषावस्थांच्या नात्याने सूचित झाले आहे. मराठीत अनुवाद करू पाहणाऱ्यापुढे येथे मोठा पेच उभा राहतो. रोहनची नावे जशीच्या तशी ठेवावीत, तर ते नाते लोपते. ती यादवकालीन मराठीच्या वळणाने घडवावीत, तर नाते राखले जाते. पण त्या पठारावरील घोडेस्वारांभोवती महाराष्ट्राचे वातावरण नकळत दाटते. हा पेच ज्या कादंबरीत निर्माण होतो, तिला केवळ पोरकट म्हणून निकालात काढता येणार नाही.

अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत तर भाषा हाच सृष्टीचा नियम आहे. तेथे प्रत्येक वस्तूचे प्राचीन वाणीतील एक खरे नाव असते. ते जाणणे म्हणजेच तिच्यावर सत्ता मिळविणे. म्हणून माणसे आपले खरे नाव लपवितात आणि व्यवहारात दुसरेच वापरतात. सोस्यूर यांनी प्रतिपादिलेल्या चिन्हाच्या यादृच्छिकतेला या जगात थारा नाही. भारतीय परिभाषेत सांगायचे, तर व्यवहारातील नावांपुरती अर्थसीची माणसे नैयायिकांप्रमाणे संकेत मानतात. खऱ्या नावांच्या बाबतीत मात्र मीमांसकांप्रमाणे शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानतात. कथेतील भय आणि विश्वास या दोन पातळ्यांमधील अंतरातून निर्माण होतात. एखाद्याला आपले खरे नाव सांगणे ही तेथे मैत्रीची परिसीमा ठरते.

ले ग्विन यांनी १९७३ मधील एका निबंधात या कसोटीचे प्रात्यक्षिकच दिले. एका समकालीन अद्भुत कादंबरीतील संवाद घेऊन त्यांनी त्यातील मोजके शब्द बदलले; आणि तो वॉशिंग्टनमधील राजकारणी मंडळींचा संवाद होऊन बसला. ज्या सृष्टीची भाषा इतक्या सहज उतरविता येते, ती सृष्टी मुळात उभीच राहिलेली नसते. ‘खरे वाटले नाही’ या वाचकाच्या तक्रारीचे हे शास्त्रीय रूप होय.

येथे दोन मर्यादा सांगणे अवश्य आहे. ई. आर. एडिसन यांच्या ‘द वर्म ऑरोबोरॉस’ (१९२२) मधील नावे कोणत्याही एका भाषेची वाटत नाहीत; ‘डीमनलँड’, ‘विचलँड’ अशी त्यांतील कित्येक केवळ सोयीची आहेत. खुद्द टोल्कीन यांना ती रुचली नव्हती. तरीही सतराव्या शतकाच्या वळणाच्या समर्थ गद्यामुळे ते जग टिकते. म्हणजे नामकरण हे भाषेच्या कसोटीचे एक अंग आहे, सर्वस्व नव्हे. दुसरे असे की, वाचकही फसतो. नकाशे, वंशावळी आणि परिशिष्टे यांच्या विपुलतेलाच तो सृष्टीची सुसंगती समजतो. वाचकाला होणारी जाणीव हा पुरावा आहे; निर्णय नव्हे. कारणे शोधणे हे समीक्षेचे काम उरतेच.

मराठीच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. ज्या साहित्यप्रकाराला मराठी ‘कादंबरी’ म्हणते, त्याचे नावच बाणभट्टाच्या अद्भुत कथेवरून आले आहे. बोलका पोपट आणि पुनर्जन्म यांवाचून ती कथा उभी राहत नाही. असे असूनही ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) आदी अद्भुतरम्य कृतींचा विचार, काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ च्या निबंधापासून, प्रामुख्याने संभाव्यतेच्या अंगाने होत आला. वास्तवाचे भान येण्यासाठी त्या काळी ही टीका आवश्यक होती. परंतु असंभाव्य आणि विसंगत हे दोन दोष भिन्न आहेत. पहिला बाहेरच्या जगाशी तुलना करून ठरतो. दुसरा ग्रंथाच्या भाषेतच सापडतो. वाचकाचा कौल बहुधा दुसऱ्याविषयी असतो, आणि समीक्षेने त्याला उत्तर दिले ते पहिल्याविषयी. या कृती पुन्हा वाचताना हा भेद ध्यानात ठेवला, तर त्यांपैकी काही दोषमुक्त ठरतील, काही अधिक दोषी ठरतील. पण निर्णयाला आधार मात्र ग्रंथातलाच मिळेल.